शनिवारचा धूर

१

आरटीओच्या साहेबांनी सायलेन्सरच्या तोंडासमोर पांढरं फडकं धरलं आणि म्हणाले, "द्या रेस, सिस्टर."

भागीरथाबाईंनी पाय दाबला. मागून निळ्या धुराचा असा काही लोट उठला, की रांगेतला ट्रकवाला आपली गाडी सोडून मजा बघायला खाली उतरला. साहेब दोनदा शिंकले. फडक्यावर तेलकट डाग पडला होता आणि तो लपवायला कुठे जागा नव्हती.

"नापास," साहेब म्हणाले. "पंधरा दिवसांमागे, त्या शनिवारच्या कॅम्पलाही हेच झालं. तुमच्याकडे मध्य प्रदेशचं ना-हरकत आहे, टॅक्स भरलेला आहे, ब्रेक चांगले, दिवे चांगले. पण एवढा धूर टाकणाऱ्या गाडीला मी महाराष्ट्राचा नंबर कसा देऊ?"

"साहेब, शपथेवर सांगतो, गुरुवारी गॅरेजमध्ये धूर नव्हता हो. पांढरं फडकं पांढरंच राह्यलं होतं," भागीरथाबाई म्हणाल्या.

"रांगेतले सगळेच असं सांगतात." साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, पण नियम नियमाच्या जागी. "पंधरा दिवसांनी पुढचा कॅम्प, तो शेवटचा. त्यानंतर तुमची मुदत संपते. मग गाडी बैतूलला परत न्या, नाहीतर भंगारात घाला."

भागीरथाबाई गाडीत बसल्या आणि किल्ली फिरवायच्या आधी क्षणभर तशाच बसून राहिल्या. त्यांना रडू येत होतं, पण वर्ध्याच्या त्या मैदानावर ट्रकवाल्यांसमोर रडायची त्यांची तयारी नव्हती.

त्र्याऐंशी सालची ही गोष्ट. भागीरथाबाईंनी सगळी उमर बैतूलकडच्या एका लहानशा दवाखान्यात नर्स म्हणून काढली होती. तिथेच त्या जंगलातल्या रस्त्यांवर जीप चालवायला शिकल्या. दवाखाना बंद झाला तेव्हा म्हाताऱ्या डॉक्टरांनी ही जीप त्यांच्या हवाली केली आणि म्हणाले, तुझ्या गावाला ने, तिथल्या बायांना उपयोगी पडेल. भागीरथाबाई वर्ध्याला परतल्या, बोरगाव मेघेत वासुदेवरावांच्या घरात अर्धा भाग भाड्याने घेतला आणि डॉक्टरांचा शब्द पाळायला लागल्या. दर शुक्रवारी सकाळी त्या आपल्या जन्मगावी, टाकळीला जात. पोटुशा बायांना जीपमध्ये घालून सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात तपासणीला नेत आणि दुपारी परत गावात आणून सोडत.

ह्याचा मोबदला? काही नाही. पैसे नाहीत, ज्वारीची पायली नाही, चहा नाही, पाणीसुद्धा नाही. "नको, निघतो मी," एवढं त्या म्हणत आणि निघत.

टाकळीच्या बाया आधी बैलगाडीने जात. कवडू पाटलाच्या सुनेचं पहिलं बाळंतपण नाल्यात फसलेल्या गाडीतच झालं होतं, आणि ते मूल वाचलं नाही. औंदा तीच सून जीपमधून गेली आणि धडधाकट पोर घेऊन आली. आणखी पाच बायांचे दिवस जवळ आले होते. जीप गेली तर त्यांच्या वाट्याला पुन्हा तोच नाला होता. भागीरथाबाईंच्या डोळ्यांसमोरून तो नाला काही केल्या हलत नव्हता.

त्या तडक श्रावणच्या गॅरेजवर गेल्या. मागच्या वेळी श्रावण लग्नाला गेलता आणि गाडी त्याच्याकडे पोचेपर्यंत सोमवार उजाडला होता. तोवर धूर गायब! ह्या वेळी तो जागेवर सापडला. त्याने बॉनेट उघडलं, हवेच्या फिल्टरची खालची वाटी सोडवली आणि तिच्याकडे पाहातच राहिला.

"बाई, ह्या वाटीत रेघेपर्यंत तेल ठेवतात. धूळ अडवाले. हे पाहा, काठोकाठ भरलं हाये. फाजील तेल इंजिन ओढून घेते, जाळते, अन् मागून निळा धूर. दिवसभर गाडी पळली, का सारं जळून जाते. मंग सोमवारी मले काय दिसन, कपाळ?"

"पण मी तं इथं हातही नाई लावला रे."

"तेच म्हणतो मी." श्रावणने आवाज खाली आणला. "हे आपोआप नाई होत, बाई. हे कोणीतरी हातानं भरलं हाये."

२

वासुदेवराव दारूबंदी खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झाले होते. जिल्हा कोरडा, पण कोरड्या जिल्ह्यात भट्ट्या किती आणि कुठे, हे त्यांच्या नाकाला ठाऊक. नाल्याच्या ह्या काठावर उभं राहून ते पलीकडच्या काठावर मोहाची लागली आहे की गुळाची, ते सांगत. निवृत्तीनंतर त्या नाकाला काम उरलं नव्हतं. घरी ते बायकोच्या, कोकिळाबाईंच्या वरणाला हिंग जास्त झाला की कमी, एवढंच सांगू शकत, आणि त्यावरून रोज बोलणी खात.

श्रावणने तेल एका डब्यात काढून दिलं होतं. भागीरथाबाईंनी तो डबा ओट्यावर ठेवला. वासुदेवरावांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि डब्यावर वाकले.

"मोबिल ऑइल नाही हे," ते म्हणाले. "एरंडेल आहे."

"एरंडेल? गाडीत?"

"थांबा." त्यांनी तळाशी बोट घातलं. बोटावर काळा गाळ आला. तो त्यांनी चिमटीत चोळला आणि पुन्हा हुंगला. "अन् ही राख. गवताची." त्यांचा चेहरा असा खुलला, की कोकिळाबाई आतून म्हणाल्या, "घ्या, लागली भट्टी!"

वासुदेवरावांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "सिस्टर, मले एक सांगा. तुमची जीप गेली तर आनंद कोणाले होईन?"

भागीरथाबाईंना पहिलं नाव लगेच आठवलं. रूपराव. त्याची टॅक्सी होती. टाकळीतल्या ज्यांच्या गाठीला चार पैसे असत, ते अडीअडचणीला त्याचीच टॅक्सी करीत. जीप आल्यापासून त्याची टाकळीची गिऱ्हाइकी बसली होती. चौकात उभा राहून तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "एमपीची गाडी इथं किती दिवस टिकते, पाहू न!"

"अन् दुसरं?"

दुसरं नाव त्यांच्या तोंडातून निघेना. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"बोला. मी घरचाच आहे."

"बाबाराव," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ. त्याले माझं जीप चालवणं बिलकुल आवडत नाई. अन् थो जडीबुटीच्या दुकानात कामाले हाये, भाऊसाहेब. त्याच्यापाशी एरंडेलाचा पिपा राह्यते."

३

रूपराव स्टँडपाशी टॅक्सी पुसत होता. वासुदेवरावांना पाहताच त्याने सवयीने दोन्ही हात वर केले. "जमादार साहेब, डिक्कीत फक्त स्टेपनी हाये!"

"डिक्की राहू दे. ह्या सिस्टरच्या जीपमध्ये तेल कोणी घातलं, ते सांग."

भागीरथाबाईंनी तोंड फिरवलं होतं. रूपरावाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि सगळा प्रकार ऐकून घेतला. मग तो हसायलाच लागला.

"मी बोललो, हे खरं हाये. पोटावर पाय आला का माणूस बोलते. पण मले जीप बंदच करायची असती, तं टायरची हवा काढली असती. ते फुकटात होते. गाठचं तेल घालून दुश्मनी कोण करते जी? अन् तेही एरंडेल! मोबिलपेक्षा महाग!"

हे मात्र वासुदेवरावांना पटलं. त्यांनी मान हलवली. मग रूपराव पुसायचं फडकं खांद्यावर टाकून जवळ आला. त्याचा सूर बदलला होता.

"बाई, एक सांगू का? राग नका धरू. माझ्या बहिणीले टाकळीतच दिलं हाये. तुमी तिच्या नणदेलेही नेलं होतं दवाखान्यात, पैसे न घेता. म्हणून सांगतो. मागच्या शुक्रवारी मी तिच्या घरी गेलतो. तुमची जीप पारापाशी उभी होती अन् तुमी घरोघरी बाया पाहून राह्यल्या होत्या. जीपचं बॉनेट उघडं होतं. तिथं एक म्हातारा उभा होता, हातात चंबू घेऊन. मले पाह्यलं अन् त्यानं चंबू धोतराच्या सोग्याखाली लपवला."

"कोण म्हातारा?"

"कवडू पाटील."

भागीरथाबाई गर्रकन वळल्या. कवडू पाटील! ज्याच्या सुनेला त्यांनी सुखरूप दवाखान्यात पोचवलं, तो?

४

 घरी जाताना भागीरथाबाईंच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. कवडू पाटील त्यांच्याशी कधी धड बोलला नव्हता. नातू झाल्यावरही तो दाराआड उभा होता. आत या म्हणाला नाही की नजर वर करून पाहिलं नाही. भागीरथाबाईंचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाचं. छप्पन साली वडिलांनी नागपूरला दीक्षा घेतली, पण त्याआधीचं लहानपण त्या विसरल्या नव्हत्या. कवडूच्या अंगणात त्यांची आई ओंजळ धरून उभी राहायची आणि वरून पाणी पडायचं. अर्धं ओंजळीत, अर्धं लुगड्यावर. तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं होतं, ह्या गल्लीत आपण कोणाकडे काही मागायचं नाही, अन् कोणी दिलं तरी घ्यायचं नाही.

"म्हणजे त्यालेच माझी गाडी गावात नको आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "मी गाडीत बसून जातो अन् त्याच्या घरच्या बाया माझ्या मागे बसतात. ते त्याले सहन नाई होत."

"असू शकते," वासुदेवराव म्हणाले. "पण आधी तुमच्या भावाचं पाहू. संशय अर्धा ठेवला, का तो सडते."

बाबाराव दुकानात पुड्या बांधत होता. बहिणीबरोबर जमादाराला पाहून त्याचा चेहरा उतरला. वासुदेवरावांनी आडून विचारायचा प्रयत्न केला, पण भागीरथाबाईंना तेवढा धीर नव्हता.

"बाबाराव, माझ्या गाडीत एरंडेल तू घातलं का?"

बाबारावाने हातातली पुडी खाली ठेवली. मग त्याने पिप्याचं झाकण काढलं आणि पिपा वासुदेवरावांसमोर सरकवला. "घ्या जी, वास घ्या. ताई, तुले जीपवर पाह्यलं का माझ्या पोटात गोळा येते, हे खरं. रस्त्यात काही झालं तं तुले कोण उचलन? माझ्याबिगर तुले कोण हाये? भांडलो मी तुह्याशी. पण दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाले मी काय सांगतो, ते विचार ह्या मालकाले."

गल्ल्यावरचा मालक चष्म्यावरून म्हणाला, "रोज तेच ऐकतो आम्ही. माझी बहीण जीप चालवते, माझी बहीण जीप चालवते. पुड्या चुकतात त्याच्या."

भागीरथाबाईंच्या डोळ्यांत खळकन पाणी आलं. भावावर संशय घेतला, ह्याची त्यांना मनापासून लाज वाटली, आणि त्याच वेळी फार आनंदही झाला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो लहान असताना ठेवत तसा.

वासुदेवराव तोवर पिप्यात नाक घालून बसले होते. "स्वच्छ. औषधी. राखेचा कण नाही." ते उठले. "सिस्टर, आपल्या डब्यातलं एरंडेल ह्या दुकानातलं नाही. जिथे एरंडेलात राख मुद्दाम कालवतात, तिथलं आहे ते."

"कोठी कालवतात?"

"आठवते आहे, पण जिभेवर येत नाही," वासुदेवराव कपाळाला हात लावून म्हणाले.

५

आठवड्याने कॅम्प नसलेला शनिवार आला. त्या शनिवारी सकाळी भागीरथाबाई औषधं आणायला जीप काढत होत्या. इतक्यात कोकिळाबाई हातात लाटणं घेऊन अंगणात आल्या.

"आता बोलल्याशिवाय नाई राह्यत मी! भागीरथाबाई, तुमी मले बहिणीसारख्या. पण दर शनिवारी तुमचा तो धूर माझ्या वाळवणावर येते. मागे सरगुंडे गेले, मंग कुरडया, आता हे पापड. वास घ्या! तोंडात घालवत नाई. इतर दिवशी नाई, फक्त शनिवारी. शेजारची म्हणते गाडीले साडेसाती लागली, लिंबू-मिरच्या बांधा."

"दर शनिवारी?" वासुदेवराव दाढी करता करता अर्ध्या साबणासकट बाहेर आले. "कॅम्प नसलेल्या शनिवारीसुद्धा?"

"मले काय कॅम्प समजते? दर शनिवारी म्हणजे दर शनिवारी. आजपण! तुमच्या नाकाले हिंग समजते, पापड नाई समजत!"

वासुदेवराव जीपमागे जाऊन उभे राहिले. धूर निळा होता. त्यांनी तो छातीभर ओढून घेतला, खोकले, आणि खोकता खोकताच हसू लागले. अर्ध्या गालावर साबण, डोळ्यांत पाणी. भागीरथाबाईंना वाटलं, म्हाताऱ्याचं काही खरं नाही.

"इंजिन बंद करा अन् खाली उतरा," ते म्हणाले. "कोकिळा, तू आज माझी वरिष्ठ अधिकारी. ऐका सिस्टर. ज्याले तुमची गाडी नापास करायची आहे, तो तेल कधी घालीन? कॅम्पच्या आदल्या दिवशी. बाकीच्या शनिवारी कशाले वाया घालवीन? पण हा माणूस दर आठवड्याले घालते. म्हणजे त्याले कॅम्पशी घेणं नाही, धुराशी नाही, नापासाशी नाही. त्याले माहीतच नाही, का त्याच्या तेलानं तुमची गाडी अडून राह्यली आहे."

"मंग घालते काऊन?"

"शनिवारी धूर, म्हणजे तेल शुक्रवारचं. शुक्रवारी गाडी कोठी राह्यते? टाकळीले, पारापाशी. अन् टाकळीत एरंडेलात राख कालवून कशाले घालतात, ते आता आलं जिभेवर." वासुदेवरावांनी चेहरा पुसला. "पण ते माझ्या तोंडून ऐकू नका. पुढच्या शुक्रवारी मी तुमच्यासोबत येतो."

"अन् दुसऱ्याच दिवशी शेवटचा कॅम्प आहे, भाऊसाहेब."

"म्हणून तर. हा दुश्मन असता, तर मी इतका निवांत राह्यलो नसतो."

त्यांनी तेवढंच सांगितलं. श्रावणने वाटी पुन्हा धुऊन दिली. भागीरथाबाईंचा तो आठवडा मात्र फार वाईट गेला. दुश्मन नाही, तर कवडूने चंबू लपवला कशाला?

६

शुक्रवारी त्यांनी नेहमीसारखं सगळं केलं. बाया नेल्या, तपासून आणल्या, गाडी पारापाशी उभी केली आणि पिशवी घेऊन गल्लीत शिरल्या. पण कोपऱ्यावर वासुदेवरावांनी त्यांना थांबवलं आणि ते दोघे मागच्या बाजूने परत फिरले.

भर दुपार होती. जीपचं बॉनेट उघडं होतं. कवडू पाटलाची बायको शकुबाई ते दोन्ही हातांनी तोलून धरून उभी होती. कवडूने वाटी सोडवून पुढ्यात घेतली होती. आणि बाजूला, उन्हात, डोक्यावर पदर घेतलेली, सकाळीच जीपमधून जाऊन आलेली कोवळी पोटुशी पोर उभी होती. तिच्या हातात चंबू होता आणि ती वाटीत तेल ओतत होती.

"काऊन?" भागीरथाबाई ओरडल्या. आजवर त्या टाकळीत कधी आवाज चढवून बोलल्या नव्हत्या. "काय वाईट केलं मी तुमचं? उद्या ही गाडी नापास झाली, तं एमपीत परत जाईन! मंग ह्या पोरीले कशात नेसान? पुन्हा नाल्यातून?"

पोरीच्या हातातला चंबू खाली पडला. शकुबाईच्या हातातून बॉनेट सुटता सुटता राहिलं. कवडू पाटील हात जोडून उभा राहिला, आणि त्याचे जोडलेले हात तेलाने माखलेले होते.

"नापास? आमच्या ओंगणानं?" तो म्हणाला. "अवो माय! बाई, आम्ही तं गाडीचं भलं करून राह्यलो होतो."

तोच तो शब्द. ओंगण. बैलगाडीच्या आसाला घालायचं वंगण, एरंडेल आणि गवताची राख. वासुदेवरावांनी मान डोलावली.

"पाटील, मी सांगतो अन् चुकलं तर दुरुस्त करा," ते म्हणाले. "तुमच्या गावात कोणाची बैलगाडी मागून नेली, तर ती कोरडी परत करत नाहीत. आसाले ओंगण घालूनच मालकाच्या दारात उभी करतात. बरोबर?"

"हाव जी. बापाच्याही बापापासून. भाडं नाई घेत कोणी, पण कोरडी गाडी परत करणं म्हणजे मालकाचं नाव बुडवणं."

"अन् ह्या जीपचं ओंगण कोठी घालायचं, ते कोणी दाखवलं?"

"एकदा गाडी इथं बंद पडली होती. तुमच्या मिस्त्र्यानं ही वाटी उघडली अन् म्हणे, हिच्यात तेल पाह्यजे, तेल असलं म्हणजे गाडी सुखी. मंग आम्ही ठरवलं. ज्या घरची बाई गाडीत गेली, त्या घरानं शुक्रवारी ओंगण घालायचं. पहिलं माझ्या घरचं. मंग पाळीपाळीनं, वाटी सोडवाले मी. आज हिची पाळी."

"मंग चंबू लपवला काऊन?" भागीरथाबाईंनी विचारलं. आवाजातला राग कुठेतरी सांडून गेला होता.

कवडूने शकुबाईकडे पाहिलं. बोलली ती शकुबाई. "तुमाले समजलं असतं, तं तुमी नको म्हटलं असतं, बाई. तुमी काहीच घेत नाई. ह्याइनं पायलीभर ज्वारी गाडीत ठेवली, तुमी परत पाठवली. मी च्या ठेवाले गेली, तुमी चपला घातल्या. पाणीसुद्धा नाई. माझा नातू खेळून राह्यला घरात. तुमच्यापायी. मी काय करू मंग? तुमी नाई घेत, म्हणून गाडीले दिलं."

भागीरथाबाई जीपच्या चाकाला टेकल्या. इतके दिवस ज्या माणसाला त्यांनी दुश्मन धरलं होतं, तो त्यांच्या गाडीला आपल्या बैलगाडीचा मान देत होता. त्यांनी कवडूकडे पाहिलं.

"दादा, तुमी कधी या म्हटलं नाई मले. दाराआड उभे राह्यले."

"कोणत्या तोंडानं म्हणू, बाई?" कवडू पाटलाने तेलकट हात धोतराला पुसले आणि खाली पाहूनच बोलला. "तुमच्या मायले आमच्या अंगणात वरून पाणी वाढलं. माझ्या मायनं वाढलं अन् मी तिथंच गोट्या खेळत होतो. मले समदं आठवते. मी या म्हणीन, अन् तुमी म्हणसान, तुझ्या घरचं पाणी नको. ते म्हणायचा तुमाले हक्क हाये. मले भेव लागे त्याचं."

 वासुदेवरावांनी खिशातून रुमाल काढला आणि नाक पुसलं, वास घेण्यासाठी नव्हे. मग त्यांनी वाटी उचलली, त्यातलं तेल चंबूत परत ओतलं आणि रेघ दाखवली. "पाटील, एवढंच. ह्याच्या वर थेंब नाही. अन् तोही श्रावणनंच घालायचा."

"आता सरकारची शप्पथ, हातही लावणार नाई!" कवडू म्हणाला.

७

शनिवारी साहेबांनी पांढरं फडकं धरलं. भागीरथाबाईंनी रेस दिली. साहेबांनी फडकं पाहिलं, उलटून पाहिलं, मग आणखी रेस द्यायला सांगितली. रांगेमागे बाबाराव दुकान सोडून येऊन उभा होता. रूपरावही आला होता, टॅक्सीच्या बॉनेटवर बसून, आणि जीप त्याचीच असल्यासारखा घाबरलेला.

"सिस्टर, काय जादू केली?" साहेब म्हणाले आणि कागदावर सही केली. "पास."

रूपरावाने टाळ्या वाजवल्या. बाबाराव म्हणाला, "आता नवी पाटी मी रंगवून आणतो, ताई," आणि लगेच डोळे पुसायला लागला. भागीरथाबाई खाली उतरल्या. त्यांनी साहेबांचे आभार मानले, श्रावणचे मानले, रूपरावाचे मानले, आणि शेवटी त्या वासुदेवरावांसमोर आल्या. त्यांनी वाकून नमस्कार केला. वासुदेवराव गडबडून मागे सरले.

"आता घरी," ते म्हणाले. "कोकिळा वाट पाहत असेन. आज पापडाले धोका नाही."

"आधी टाकळी," भागीरथाबाई म्हणाल्या.

शनिवारी जीप गावात शिरली तेव्हा लोकांना वाटलं, कोणाचं तरी अडलं आहे. माणसं धावत पारापाशी आली. गाडी पारापाशी थांबली नाही. ती सरळ कवडू पाटलाच्या दारात जाऊन उभी राहिली. भागीरथाबाई चपला काढून आत गेल्या. अंगणात नाही, ओसरीवर नाही, थेट चुलीपाशी. सून पोराला पाजत होती. शकुबाई भाकरी थापत होती, तिचे हात पिठात तसेच राहिले.

"पास झाली गाडी," भागीरथाबाई म्हणाल्या आणि पाटावर बसल्या. "शकुबाई, भूक लागली मले. वाढा."

शकुबाईने ताट घेतलं. पिठल्याचा गोळा, तव्यावरची भाकर, ठेचा. घाईत ठेचा ताटाबाहेर सांडला. ताट पुढ्यात ठेवून ती मागे सरकली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. दारात कवडू पाटील उभा होता, आज मात्र दाराच्या अलीकडे.

भागीरथाबाईंनी घास मोडला नाही. "एकटी जेवू का मी? बसा की ताटावर."

शकुबाईने नवऱ्याकडे पाहिलं नाही, कोणाकडेच पाहिलं नाही. ती पिठाच्या हातांनीच समोर बसली, भागीरथाबाईंच्या ताटातली भाकर मोडली, पिठल्याला लावली आणि तोंडात घातली. चावता चावता तिला रडू कोसळलं, पण तिने घास गिळला आणि दुसरा मोडला. मग भागीरथाबाईंनी पहिला घास घेतला. सून पोराला थोपटत एकटक पाहत होती. ताटातली भाकर दोघींत बघता बघता संपली, आणि भागीरथाबाईंनी आणखी एक मागून घेतली.